उंबऱ्यापलीकडच्या तलंगा

डोंगराच्या पोटाशी एक लहानशी वाडी होती आणि त्या वाडीत ठकूबाई नावाची एक बाई राहायची. बाई कामाला वाघ, मनानं लोणी, पण बोलण्यात फार उतावळी. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की उरलेलं आपणच पुरं करायचं, अशी तिला सवय होती. बहुतेक वेळा तिचं बरोबरही निघायचं, म्हणून ती सवय कधी मोडली नाही.

तिच्या परसात कोंबड्यांचं एक खुराडं होतं. खुराडी वाडीत घरोघर होती, पण ठकूबाईच्या खुराड्यासारखं दुसरं नव्हतं. त्यातल्या मूळच्या कोंबड्यांपैकी एकही तिनं विकत आणलेली नव्हती.

त्याचं असं झालं. मागं एकदा तिच्या कोंबड्यांवर मानमोडीचा रोग आला. सकाळी दाणे टिपणारी कोंबडी संध्याकाळी मान वाकडी करून पडायची. बघता बघता खुराडं रिकामं झालं. ठकूबाईनं लांब माळावर खड्डा खणून सगळ्या पुरल्या, खुराड्याला आतून बाहेरून चुना मारला आणि दाराला काथ्याची गाठ घालून टाकली. पुढं कितीतरी दिवस पहाटे कोंबडा आरवला की तो दुसऱ्याच्या घरचा असायचा. तिला ते ऐकवत नसे.

मग एका सकाळी शेजारची साळूबाई पदराखाली काहीतरी झाकून आली. साळूबाई वयानं मोठी, सगळी वाडी तिला आक्का म्हणायची. तिनं पदर बाजूला केला, तर आत एक ठिपक्याठिपक्यांची कोंबडी. "ठेव," एवढंच म्हणाली आणि आल्या पावली निघून गेली. दुसऱ्या दिवशी सुताराच्या घरून तांबडी आली. पलीकडच्या घरातल्या शेवंतानं उघड्या मानेची बोडकी आणून दिली. पाटलांकडून काळा कोंबडा आला. असं करत करत वाडीनं तिचं खुराडं भरून दिलं. कुणी मोठेपणा मिरवला नाही, कुणी उपकाराची भाषा केली नाही.

रिकाम्या खुराड्यात सगळ्याच नव्या होत्या. त्यामुळं कुणी कुणाला बाहेरची म्हणायचा प्रश्नच आला नाही. चार दिवसांत त्या एकमेकींना खेटून बसायला लागल्या.

ठकूबाई प्रत्येक कोंबडीला तिच्या माहेरच्या नावानं हाक मारायची. साळूची कवडी, सुताराची तांबडी, शेवंताची बोडकी. "शेवंताची बोडकी लई उंडारायला लागलीय!" असं ती परसातून ओरडली की पलीकडून शेवंता उगीचच गोरीमोरी व्हायची आणि सगळी आळी हसायची. पण रोज खुराड्याचं दार उघडताना ठकूबाईचे हात नकळत जोडले जायचे. एकेक कोंबडी म्हणजे तिला एकेक घर वाटायचं.

तिनं मनाशी एक ठरवलं होतं. कळप वाढला की ज्या घरून कोंबडी आली, त्या घरी एक तलंग परत पाठवायची. तलंग म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातली कोवळी कोंबडी. अंडी उबवली गेली, पिल्लं झाली, पिल्लांच्या तलंगा होत आल्या. येत्या जत्रेला घरोघर पोचवायच्या, असा तिनं बेत केला. मनावरचं ओझं उतरेल म्हणून नव्हे; दिलेलं सुखरूप राहिलं, वाढलं, हे प्रत्येकीला बघायला मिळावं म्हणून.

त्याच सुमाराला साळूबाईचा मुलगा आईला शहरात न्यायला आला. आता ती तिकडंच राहणार होती, जत्रेला तेवढी वाडीत येणार होती. घराला कुलूप लागणार, मग कोंबड्यांचं काय? साळूबाईकडं तेव्हा चार तलंगा उरल्या होत्या. तिनं त्या टोपलीत घातल्या, वर फडकं बांधलं आणि थेट ठकूबाईच्या दारात आली.

"ठके, ह्या तुझ्या पदरात टाकते," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाकडं मन घेत न्हाई बघ. एवढं ऐक मात्र. लगेच सगळ्यांत..."

"काई सांगू नगा आक्का!" ठकूबाई मधेच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मला काय सांगायला पायजे? तुमच्या कोंबड्या माझ्या दारात परक्या कशा हुतील? सगळ्यांत लाडाच्या करून ठेवीन."

साळूबाईनं पुन्हा तोंड उघडलं, पण तिकडून मुलानं हाक मारली. एस.टी. यायची वेळ झाली होती. तिनं टोपली खाली ठेवली, ठकूबाईच्या पाठीवरून हात फिरवला आणि ती गेली.

त्या वाडीत एक रीत होती. नवी सून असो, नवी गाय असो, की नवी कोंबडी असो, दारात आलेल्या जिवाच्या पायावर पाणी घालायचं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा आणि त्याला लगेच आत घ्यायचं. आलेल्याला बाहेर ताटकळत ठेवणं म्हणजे ज्यानं दिलं त्याचा अपमान. ठकूबाईनं सगळं रीतसर केलं. चारी तलंगांच्या पायांवर पाणी घातलं, तुकडा ओवाळला. मग कवडीला म्हणाली, "बघ गं, तुझ्या माहेरची माणसं आली." आणि खुराड्याचं दार उघडून तिनं चौघींना आत सोडलं.

कवडी खुराड्यातली थोरली. तिनं नव्या तलंगांकडं एकदा उजव्या डोळ्यानं पाहिलं, एकदा डाव्या डोळ्यानं पाहिलं. माहेर तिच्या केव्हाच डोक्यातून गेलेलं होतं आणि ह्या तलंगा तर ती इकडं आल्यानंतर अंड्यातून बाहेर पडलेल्या. तिनं मान ताठ केली, पिसं फुलवली आणि सगळ्यात पुढच्या तलंगेच्या डोक्यात टोच मारली.

मग काय विचारता! तांबडी धावली, बोडकी धावली. त्यांचं पाहून कालपरवाची पोरंसोरंही धावली. नव्या चौघी एका कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसल्या. दाण्यांच्या परातीकडं एक पाऊल टाकलं की टोच, पाण्याकडं वळलं की टोच. संध्याकाळपर्यंत एकीच्या तुऱ्यावर रक्त आलं. आणि कोंबड्यांना रक्त दिसलं की त्या तिथंच पुन्हा पुन्हा टोचतात.

ठकूबाई संतापली. तिला कवडीचीच लाज वाटली. "ज्या घरचं खाऊन वाढलीस त्या घरच्यांना टोचतीस?" असं म्हणत तिनं कवडीला पायाला दोरी बांधून पेरूच्या झाडाखाली ठेवलं. पण कवडी गेल्यावर तांबडीला वाटलं, आता राज्य आपलं. ती दुप्पट जोरानं टोचायला लागली. ठकूबाईनं तांबडीला बांधलं, तर बोडकी पुढं झाली. शेवटी सगळ्यांना सोडावं लागलं. बांधून ठेवलेल्या कवडीला आता आपली जागा परत मिळवायची होती, तेव्हा जुन्या कोंबड्यांतही जुंपली. नांदतं खुराडं होतं, त्याचा बाजार झाला.

ठकूबाईला वाटलं, होईल हळूहळू सवय. पण एका सकाळी नव्यातली एक तलंग पिसं फुगवून, डोळे मिटून बसलेली दिसली. तिच्या नाकातून पाणी येत होतं. दुसऱ्या दिवशी शेवंताची बोडकी शिंकली.

ठकूबाईनं ती शिंक ऐकली. तिला माळावरचा खड्डा आठवला, दाराला घातलेली काथ्याची गाठ आठवली. वाडीनं विश्वासानं दिलेलं सगळं, आणि साळूआक्कानं जाताना पदरात टाकलेलंही, आता तिच्याच हातून मातीत जाणार की काय? या वेळी तर रोगाला तिनं स्वतःच दार उघडून आत घेतलं होतं. निदान तिला तसं वाटलं. खरं म्हणजे आजार नव्यांनी आणला की जुन्यांच्यात आधीच दडून होता, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

तिचा नवरा गेनबा तालुक्याला गेला आणि गुरांच्या दवाखान्यातून औषध घेऊन आला. मानमोडी नाही, पडसं आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आजारी कोंबड्या वेगळ्या ठेवा, त्यांचं पाणी वेगळं ठेवा, आणि बऱ्या झाल्या की सगळ्यांनाच मानमोडीची लस टोचून घ्या, असंही बजावलं होतं. ठकूबाईनं बोडकीला आणि त्या तलंगेला वेगवेगळ्या डालग्यांखाली ठेवलं. डालगं म्हणजे फोकांनी विणलेली मोठी पालथी टोपली. दिवसभर ती त्यांच्यापाशी बसली. बोडकी सावरली. तलंग मात्र आधीच उपाशी राहून खंगली होती. ती गेली.

ठकूबाई ओसरीवर येऊन बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. "आक्कानं विश्वासानं दिली हुती," ती म्हणाली. "म्यां तिला आत घेतली, लाडानं घेतली, अन् तिथंच ती उपाशी मेली. माझं काय चुकलं?"

गेनबा तसा कमी बोलायचा. बायको सगळी वाक्यं पुरी करत असल्यावर माणसानं बोलायचं तरी कशाला? पण त्या दिवशी तो शेजारी बसला आणि म्हणाला, "तू ह्या घरात आलीस, तवा आईनं तुला कुठं ठेवली हुती?"

ठकूबाईनं डोळे पुसले. "कुठं म्हंजे? माजघरात! येकटी! माझा तांब्या येगळा, माझी वाकळ येगळी. चुलीपाशी जाऊ दिलं न्हाई मला आत्याबाईंनी. जावा आत हसत-बोलत भाकऱ्या करायच्या आन् मी भाईर. जल्मात इसरायची न्हाई मी ते."

आणि खरंच ती विसरली नव्हती. सासूनं आपल्याला परकं मानलं, हे ती इतकी वर्षं मनात धरून होती. आत्याबाई पुढं तिच्याशी किती मायेनं वागल्या, तरी ते पहिले दिवस तिच्या मनात सलत राहिले होते.

"थोरल्या वैनीला काय केलं हुतं, ते तुला ठावं न्हाई," गेनबा म्हणाला. "तिला पहिल्याच दिशी चुलीम्होरं बसवली. म्हातारी आजी हुती, माझी आत्या हुती, समद्यांची आपापली जागा ठरल्याली. ही मधीच बसली. हिनं पळी उचलली तरी कुणाच्या तरी डोळ्यावर यायचं. दोनचार दिसांत रडत रडत म्हायेरी गेली, ती लई दिसांनी परत आली. तवा आई म्हणाली, पुढच्या सुनेला मी आशी लोटायची न्हाई."

ठकूबाई वळून त्याच्याकडं बघायला लागली.

"आन् शेंगा आठवत्यात का?" गेनबानं विचारलं.

शेंगा! ठकूबाईला आठवलं. रोज तिसऱ्या प्रहरी आत्याबाई वालाच्या शेंगांचा ढीग आणून माजघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या उंबऱ्यावर ओतायच्या. ढीग बरोबर उंबऱ्यावर. अलीकडं ठकू, पलीकडं दोघी जावा. "सोला," एवढंच म्हणायच्या आणि आपण बाजूला वाती वळत बसायच्या. पहिल्या दिवशी कुणी मान वर केली नाही. मग एका दिवशी दोघींतल्या धाकट्या जावेनं किडकी शेंग दाखवून तोंड वेंगाडलं आणि ठकूला हसू आलं. मग थोरलीनं विचारलं, "तुमच्यात वाल पिकतात का गं?" असं होता होता एका संध्याकाळी आत्याबाई सहज म्हणाल्या, "ठकू, सोललेलं आत नेऊन ठेव." ती उंबरा ओलांडून आत गेली, तेव्हा थोरली जाऊ सरकून चुलीपाशी जागा करत म्हणाली, "बस की." त्यानंतर त्या घरात तिला कधी परकं वाटलं नाही.

एवढी वर्षं तिला वाटत होतं, आपल्याला बाहेर ठेवलं होतं. आज कळलं, आपल्याला सांभाळून आत आणलं होतं.

आत्याबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. आभार मानायला आता त्या कुठून मिळणार? ठकूबाई उठली आणि त्या उंबऱ्यापाशी गेली. लाकूड मधोमध झिजलं होतं. तिनं त्याला हात लावून नमस्कार केला. मग डोळे पुसले आणि पदर खोचून ती परसात गेली.

आधी तिनं उरलेल्या तिन्ही तलंगा खुराड्यातून काढल्या आणि लांब गोठ्याच्या टोकाला नेल्या. तिथं त्यांना कोरडी जागा केली, बसायला आडवी दांडी बांधली, त्यांचं पाणी, त्यांची परात वेगळी ठेवली. खुराडं राखेनं आणि चुन्यानं स्वच्छ केलं. रोज आधी ती जुन्यांना दाणे घालायची, मग नव्यांकडं जायची, आणि येताना हातपाय धुऊनच परतायची. गोठ्याकडं जायच्या वहाणासुद्धा तिनं वेगळ्या केल्या. नव्यांचे डोळे स्वच्छ आहेत ना, तुरा लाल आहे ना, विष्ठा घट्ट आहे ना, हे ती रोज बघायची. जखम भरली, खपली पडली. तिघी पोटभर खायला लागल्या.

पण वाडीला तोंड असतं. गोठ्याच्या टोकाला तलंगा दिसल्या आणि शेवंतानं पाणवठ्यावर सगळ्यांसमोर म्हटलं, "साळूआक्का एस.टी.त बसली न्हाई तोवर तिच्या कोंबड्या भाईर काढल्या व्हय गं? पहिली कोंबडी कुणी दिली हुती, इसरलीस इतक्यात?"

ठकूबाईच्या जिव्हारी लागलं. चोर म्हटलं असतं तरी तिनं हसण्यावारी नेलं असतं. पण उपकार विसरणारी म्हणावं? तिला? त्या दिवशी भरलेला हंडा तिला नेहमीपेक्षा जड वाटला. घरी आल्यावर ती सरळ गोठ्याकडं गेली. सोडून द्याव्यात आत्ताच्या आत्ता खुराड्यात, मिटेल लोकांचं तोंड. टोचतील थोडं, सोसतील. तिनं एका तलंगेला उचललंही.

तलंगेनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. तिच्या तुऱ्यावर खपली पडलेली जागा अजून गुलाबी होती. हिला खुराड्यात सोडून आपण फक्त आपलं नाव राखणार होतो, हे ठकूबाईच्या ध्यानात आलं. तिनं तलंगेला हळूच खाली ठेवलं. "म्हणू द्या काय म्हणायचं ते," ती स्वतःशीच म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या तरी बोलण्याला तिनं उत्तर दिलं नव्हतं.

तिघी पुरत्या ठणठणीत आहेत अशी खात्री पटल्यावर, आणि सगळ्यांना लस टोचून झाल्यावर, गेनबानं बांबूच्या कामट्यांची एक तट्टी विणली. तट्टी अशी की आरपार दिसावं, पण चोच पलीकडं पोचू नये. खुराड्याच्या पुढच्या अंगणात तट्टी उभी करून त्यांनी मधोमध आड घातली. अलीकडं जुन्या, पलीकडं नव्या. आणि ठकूबाईनं काय केलं? तिसऱ्या प्रहरी सुपात कण्या घेतल्या आणि तट्टीच्या दोन्ही अंगांना, अगदी बुडाशी ओतल्या.

"टिपा," म्हणाली, आणि बाजूला तांदूळ निवडत बसली.

पहिल्या दिवशी कवडी तट्टीवर धावून गेली, चोच कामटीवर आपटली, आणि आपणच बावचळून मागं सरली. नव्या लांब उभ्या राहिल्या. पण कण्या कुणाला आवडत नाहीत? हळूहळू दोन्हीकडच्या चोची खाली गेल्या. काही दिवसांनी तांबडी आणि एक तलंग तट्टीला टेकून, अंगाला अंग लावून मातीत लोळताना दिसल्या. मधे कामट्या होत्या, एवढंच. कवडीनं फुगणं सोडून दिलं. ती अधूनमधून एक नजर टाकायची, जणू हजेरी घेत असावी.

जत्रा तोंडावर आली. आणि आदल्या दिवशी दुपारी, ठकूबाई कण्या ओतत असताना, मागून आवाज आला, "ठके!"

साळूबाई दारात उभी होती. ठकूबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. आक्काच्या कोंबड्या तट्टीपलीकडं वेगळ्या काढलेल्या, आणि चारांच्या तीनच! आता काय सांगावं? पण तिनं काही लपवलं नाही. सगळं सांगितलं. लाडानं आत घेतलं ते, टोचाटोची, एक तलंग गेली ते. "तुमची एक मी घालवली आक्का," ती म्हणाली. "आन् ह्या तिघींना अजून घरात घेतलं न्हाई. तुम्हांला वाईट वाटंल, पर घाई करायची माझी छाती न्हाई."

साळूबाईनं पलीकडच्या तिघींकडं पाहिलं. मग तट्टीपाशी जाऊन उकिडवी बसली.

"त्या दिशी मी काय सांगत हुते, ठावं हाय?" तिनं विचारलं.

उत्तर ठकूबाईच्या अगदी ओठावर आलं होतं. तिनं ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली.

"लगेच सगळ्यांत सोडू नगंस, आदी गोठ्याकडं येगळ्या ठेव, आसंच म्हणत हुते. तू बोलू कुठं दिलंस, बये?" साळूबाईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती. "गेली ती गेली. जिवाचं वाईट वाटतंच. पर राहिल्या त्या तू राखल्यास. आन् मला हे कुणी शिकवलं, सांगू? तुझ्याच आत्याबाईनं. मी नवी नवी ह्या वाडीत आले, तवा पहिली कोंबडी मला तिनंच दिली हुती. कवडी तिच्याच वाणाची."

ठकूबाई कवडीकडं बघत राहिली. म्हणजे मोकळ्या पडलेल्या खुराड्यात पहिली कोंबडी आली होती, ती आत्याबाईंच्याच घरची होती. जिच्यावर ती मनातून रुसली होती, त्या बाईची माया दुसऱ्याच्या पदराखालून फिरून तिच्याकडं परत आली होती. तिला रडू आवरेना. साळूबाईनंही तिला आवरायला सांगितलं नाही.

दिवेलागणीला दोघींनी मिळून तट्टी काढली. त्या वेळी कोंबड्या झोपेला येतात, अंधूक दिसायला लागतं आणि भांडायचं त्राण नसतं. ठकूबाईनं खुराड्यात दांडी वाढवून घेतली होती, म्हणजे बसायला जागा कमी पडू नये. अंगणात दाणे-पाणी आता दोन-तीन ठिकाणी मांडलं होतं. एका कोपऱ्यात सरपणाची मोळी आडवी टाकली होती, कुणी मागं लागलीच तर आडोसा म्हणून. तिघींना तिनं एकदमच नेलं, एकटीदुकटीला नाही. एकेकीला उचलून दांडीवर जुन्यांच्या शेजारी बसवलं. कवडीनं डोळे किलकिले केले. घशात एकदा कुरकुरली. मग पायापुरती सरकली आणि पुन्हा डोळे मिटले.

"बस की," ठकूबाई हलकेच म्हणाली. ते ती कुणाला म्हणाली, साळूबाईला कळलं नाही.

उजाडताच ठकूबाईनं खुराडं उघडलं, आत कोंडल्यामुळं भांडणं होऊ नयेत म्हणून. दोनचार टोचा झाल्या, नाही असं नाही. कुणाचा मान कितवा, हे कोंबड्यांना आपसांत ठरवावंच लागतं. पण रक्त आलं नाही, कुणी उपाशी राहिलं नाही. दुपारी सगळ्या एकाच राखेत लोळत होत्या.

त्या दिवशी जत्रा होती. ठकूबाईनं ठरवल्याप्रमाणं आपल्या घरच्या तलंगा घरोघर पोचवल्या. पण प्रत्येक तलंगेबरोबर तिनं एकेक नवं डालगंही दिलं. गेनबानं ती फावल्या वेळात निरगुडीच्या फोकांनी विणली होती. शेवंताच्या दारात ती गेली, तेव्हा शेवंता खाली बघत म्हणाली, "ठकूवैनी, पाणवठ्यावर मी त्या दिशी..."

ठकूबाई थांबली. शेवंताला शोधून शोधून शब्द सापडेपर्यंत ती उभी राहिली. तिचं बोलणं पुरतं संपल्यावरच तिनं तलंग पुढं केली. "तुझी बोडकी मरता मरता वाचली बघ. तिची ही लेक. आदी डालग्यात, लांब ठेव. मग तट्टीआडून दाखव. मग सांजच्याला सोड."

साळूबाईला काय द्यायचं, हा प्रश्न होता. शहरातल्या तिसऱ्या मजल्यावर ती कोंबडी कुठं ठेवणार? साळूबाई म्हणाली, "काल तिघी तुझ्या दांडीवर बसल्या, तवाच माझं मला मिळालं." आणि एस.टी.त बसून गेली.

पुढं कवडी खुडूक झाली, अंडी उबवायला बसून राहिली. ठकूबाईनं तिच्याखाली त्या तीन तलंगांची अंडी ठेवली. ज्यांना एकदा तिनं टोचून कोपऱ्यात बसवलं होतं, त्यांचीच पिल्लं पोटाशी घेऊन कवडी अंगणात फिरू लागली. घार दिसली की पंख पसरून सगळ्यांना आत घ्यायची.

तेव्हापासून त्या वाडीत नव्या जिवाच्या पायावर पाणी घालतात, तुकडा ओवाळतात, पण कोंबडी द्यायची झाली तर डालग्यासकट देतात. आणि ठकूबाई समोरच्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेते. अगदीच राहवलं नाही तर ती तोंडात पदर धरते, हे खरं.

तात्पर्य: ज्याला मनापासून आपलंसं करायचं असेल, त्याला आधी थोडं अंतर आणि पुरेसा वेळ द्यावा, आणि कुणी दिलेल्याचं ऋण मानायचं असेल, तर ते घाईच्या लाडानं नव्हे, जपणुकीनं मानावं.